चढणीवर इंजिन का ठोकते?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. पावसाची चाहूल लागली होती आणि पेडण्याकडचे बागायतदार उरलासुरला माल म्हापशाला पोचवायच्या घाईत होते. आम्हीही आमच्या जुन्या पेट्रोल पिक-अप जीपमध्ये नारळ, मानकुरादच्या शेवटच्या टोपल्या आणि हरमलच्या मिरचीची दोन पोती भरून शुक्रवारच्या बाजाराला निघालो. धारगळपर्यंत गाडी सुरळीत चालली. कोलवाळचा पूल ओलांडून चढण लागली, तसा बॉनेटखालून आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा तो आवाज होता. अॅक्सिलरेटर दाबला की वाढे, पाय उचलला की थांबे.

बाजार आटोपून आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. तिथे सांगण्यात आले की इंजिन उतरवावे लागेल. हेड, पिस्टन, रिंगा सगळे पाहावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही मान हलवली. तेव्हा त्यांनी डेल्को थोडा फिरवून टायमिंग मागे घेतले. आवाज बंद झाला. आम्ही आनंदाने घरी आलो. पण पुढच्या आठवड्यात गाडीची ओढ कमी झाली, पेट्रोल जास्त लागू लागले, आणि त्याच चढणीवर रेडिएटर उकळून गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आंबे उन्हात तापले आणि बाजार हुकला.

आवाज गेला होता, दोष मात्र तसाच होता. तो कसा सापडला हे पुढे सांगतो. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला इस्पितळात न्यायलाही तिचाच आधार आहे, त्यांना या माहितीचा उपयोग होईल, म्हणून हा लेख.

आवाज आधी ओळखावा

इंजिनातला प्रत्येक खटखटाट एकाच जातीचा नसतो. मेकॅनिक ज्याला नॉकिंग किंवा पिंकिंग म्हणतात तो आवाज ओझ्यावर येतो. चढण असते, गाडी भरलेली असते, इंजिन तापलेले असते आणि आपण मोठ्या गिअरमध्ये कमी वेगाने अॅक्सिलरेटर दाबत असतो. पाय हलका केला की तो लगेच जातो. ही त्याची पहिली खूण.

गाडी जागेवर उभी असताना, हलक्या चालीतही एकसारखी टिकटिक येत असेल तर बहुधा टॅपेट सैल असतात. सकाळी थंड इंजिनात खटखट होऊन गरम झाल्यावर कमी होत असेल तर पिस्टन लायनरमध्ये सैल झालेला असू शकतो. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे गॅसकेट फुटले तरी असाच फटफट आवाज येतो. आणि खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने जड ठोका येत असेल व ऑइलचा दाबही उतरलेला असेल, तर तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज समजावा. अशी गाडी एक मैलही पुढे न नेता बंद करावी.

हा फरक कळला नाही तर टॅपेटच्या आवाजासाठी टायमिंग फिरवले जाते आणि बेअरिंगच्या आवाजासाठी महागडे पेट्रोल भरले जाते. म्हणून मेकॅनिककडे जाण्यापूर्वी चार गोष्टी वहीत लिहून न्याव्यात. आवाज कधी येतो? गरम असताना की थंड असताना? कुठल्या गिअरमध्ये? पाय उचलल्यावर थांबतो की नाही?

आत काय घडते?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण पिस्टन दाबतो. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाळा प्लगपासून सुरू होऊन कडेपर्यंत पसरत जाते. वाळलेल्या गवताला एका टोकाने आग लावावी आणि ती क्रमाने पुढे सरकावी, तसे हे जळणे असते. यामुळे पिस्टनला सारखा, दमदार रेटा मिळतो.

पण आत उष्णता किंवा दाब प्रमाणाबाहेर गेला तर कडेचे न जळलेले मिश्रण ज्वाळा पोचायच्या आधीच आपोआप पेटते. एका क्षणात भडका होतो, दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात, आणि आपल्याला ऐकू येतो तो त्यांचाच आवाज. मधूनमधून हलकी टिणटिण झाली तर लगेच बिघडत नाही. मात्र तासन्‌तास असे चालले तर पिस्टनचा माथा खरवडल्यासारखा होतो, रिंगांमधल्या कडा तुटतात, हेड गॅसकेट फुंकते आणि शेवटी पिस्टनला भोकही पडते.

याचीच एक भावंड-व्याधी आहे. आत साठलेला कार्बन किंवा तापलेल्या प्लगचे टोक निखाऱ्यासारखे लाल होते आणि ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटवते. किल्ली बंद केल्यावरही इंजिन धडधडत फिरत राहिले, तर असा निखारा आत आहे असे समजावे.

पेट्रोलवर खापर फोडण्यापूर्वी

ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलची या अवेळी भडक्याला तोंड देण्याची ताकद. आकडा मोठा, तर ताकद जास्त. पूर्वी आपल्या देशात साधे पेट्रोल ८३ आणि पुढे ८७ ऑक्टेनचे मिळे. आज साधे पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचे असते. २०२५ पासून त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि इथेनॉल तर भडक्याला पेट्रोलपेक्षाही चांगले तोंड देते.

आता आपल्या गाडीकडे पाहू. विलीज जातीच्या जुन्या जीपचे इंजिन मिश्रणाला साधारण सातपट दाबते. आजच्या मोटारी दहापट आणि त्याहून अधिक दाबतात. म्हणजे ही जुनी इंजिने हलक्या पेट्रोलसाठीच बांधलेली आहेत. आजचे साधे पेट्रोल त्यांना पुरून उरते. म्हणून अशी गाडी ठोकू लागली तर महागडे पेट्रोल भरून पैसे घालवू नयेत. पेट्रोल शुद्ध असेल तर दोष इंजिनातच आहे. आम्हाला ही गोष्ट उशिरा कळली, आणि कळल्यावर शोधाची दिशाच बदलली.

पेट्रोल शुद्ध आहे का, हे मात्र पाहावे. केरोसीन मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन झपाट्याने घसरते. पंपावर फिल्टर पेपर मागायचा ग्राहकाला हक्क आहे. त्यावर एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. तेलकट डाग राहिला तर संशय घ्यावा. तसेच पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी असेल तर टाकीतले पेट्रोल शिळे झालेले असते. इथेनॉल दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि पाणी जास्त झाले की त्याच्यासह टाकीच्या तळाशी बसते. असे पेट्रोल काढून टाकावे. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर पेट्रोल काढून, टाकी आतून कोरडी करून ठेवावी.

कमी खर्चापासून सुरुवात

आमच्या गावच्या एका वयस्क मेकॅनिकने आमची जीप पाहिली, तेव्हा पहिला तासभर त्याने पानाच हातात घेतला नाही. नुसते पाहिले आणि विचारले. त्याने जो क्रम धरला तोच येथे देतो.

पहिली गोष्ट, उष्णता. तापलेले इंजिन लवकर ठोकते. आमच्या रेडिएटरच्या जाळीत लाल माती, सुके गवत आणि नारळाच्या सोडणाचे तंतू गच्च बसले होते. आतल्या बाजूने हलक्या धारेने पाणी मारून ते काढले. जोराची धार मारू नये, जाळीचे पत्रे वाकतात. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला तर अर्धा ते पाऊण इंच दबावा. आमचा इंचाहून खूप अधिक दबत होता. म्हणजे चढणीवर पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंद फिरत होते. थर्मोस्टॅट अडकला आहे का तेही पाहावे. किनाऱ्याजवळच्या घरांनी विहिरीचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्याने आत क्षार बसतात आणि नळ्या बुजतात. तयार कूलंट किंवा निदान स्वच्छ गोडे पाणी वापरावे.

दुसरी गोष्ट, पॉईंट आणि टायमिंग. येथे एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. पॉईंटमधले अंतर वाढले की ते लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. म्हणून आधी पॉईंटचे अंतर नीट करावे आणि मगच टायमिंगला हात लावावा. आमच्या जीपमध्ये महिनाभरापूर्वीच नवे पॉईंट घातले होते, पण अंतर फिलर गेजने न घेता डोळ्यांच्या अंदाजाने घेतले होते. मूळ बिघाड तोच. विलीज जीपच्या मूळ डेल्कोला इंचाचे २० हजारांश अंतर लागते, ज्याला मेकॅनिक २० थाऊ म्हणतात. प्लगला ३० थाऊ लागते आणि ठिणगी पिस्टन वर पोचायच्या ५ अंश आधी पडावी लागते. डेल्को बदललेला असेल तर त्या डेल्कोचे माप घ्यावे. दुसऱ्या बनावटीच्या गाडीचे माप तिच्या पुस्तकात पाहावे.

टायमिंग लाइट घरी नसला तरी चालते. गाडीच्या व्होल्टेजचा एक छोटा बल्ब घ्यावा. त्याची एक तार डेल्कोच्या बाजूच्या बारीक वायरच्या जोडावर आणि दुसरी इंजिनच्या धातूवर लावावी. किल्ली चालू करून इंजिन हाताने हळूहळू फिरवावे. पॉईंट उघडताच बल्ब लागतो. त्याच क्षणी पुलीवरची किंवा फ्लायव्हीलवरची खूण जुळली पाहिजे. त्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. काम झाल्यावर किल्ली चालू ठेवू नये, कॉइल तापते.

डेल्कोच्या आत दोन वजने आणि स्प्रिंगा असतात. वेग वाढला की त्या ठिणगी पुढे नेतात. स्प्रिंग सैल किंवा तुटलेली असेल तर ठिणगी फारच लवकर पुढे जाते. रोटर बोटाने फिरवून सोडला तर तो चटकन जागेवर परत यावा. आला नाही तर वजने गंजून अडकली आहेत.

शेवटी रस्त्यावर परीक्षा घ्यावी. गरम इंजिन, मोठा गिअर, ताशी सुमारे ३० किलोमीटर वेग, आणि सौम्य चढण. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्षणभर अगदी हलकी टिणटिण होऊन ती विरली तर टायमिंग ठीक. चालूच राहिली तर रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने डेल्को एखादा अंशच फिरवावा. त्याहून अधिक फिरवावा लागत असेल तर दोष दुसरीकडे आहे. ठिणगी फार उशिरा पडली की मिश्रण सायलेन्सरच्या वाटेवर जळत राहते. त्यामुळे इंजिन तापते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह करपतात आणि पेट्रोल वाया जाते. आमची गाडी उकळली ती याच कारणाने. सैल बेल्ट आणि बुजलेली जाळी मदतीला होतीच.

तिसरी गोष्ट, प्लग. चारही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडावेत. टोक तपकिरी-करडे असेल तर उत्तम. काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते. पांढरे, फोड आल्यासारखे असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा इंजिन फार तापते. आणि पांढऱ्या चिनी मातीवर चांदीसारखे बारीक कण दिसले तर तो पिस्टनचाच वितळलेला धातू समजावा. अशी गाडी मुळीच चालवू नये. प्लग नवे घेताना गाडीला सांगितलेल्या नंबराचेच घ्यावेत.

चौथी गोष्ट, हवेची गळती. कार्बोरेटरच्या तळाचे किंवा मॅनिफोल्डचे गॅसकेट फाटले की जादा हवा आत जाते, मिश्रण पातळ होते आणि उष्णता वाढते. इंजिन हलक्या चालीवर ठेवून सांध्यांवर साबणाचे पाणी ब्रशने लावावे. चाल बदलली तर गळती तिथेच. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. असे कधीही करू नये, आगीला आमंत्रण असते. इथेनॉलमुळेही जुन्या कार्बोरेटरात मिश्रण थोडे पातळ होते. शिवाय ते टाकीतला जुना गंज सोडवून जेटमध्ये आणते आणि रबरी नळ्या मऊ करते. म्हणून फिल्टर वेळेवर बदलावा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात.

पाचवी गोष्ट, कार्बन. वरचे सगळे ठीक असूनही ठोकणे राहिले तरच हेड खोलण्याचा विचार करावा. ऑइल जाळणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर बसतो. त्याने जागा कमी होऊन दाब वाढतो आणि निखारेही धरतात. हा थर लाकडी किंवा तांब्याच्या पट्टीने काढावा. पोलादी पात्याने ओरखडे पडतात. काही ठिकाणी चालू इंजिनात पाणी सोडून कार्बन काढतात. पाणी थोडे जरी जास्त गेले तरी कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून त्या फंदात पडू नये. हेड उघडलेच आहे तर ऑइल कुठून चढते तेही शोधावे, नाहीतर कार्बन पुन्हा बसणारच. तसेच हेडचे फेसिंग पूर्वी किती वेळा झाले ते विचारावे. प्रत्येक फेसिंगने हेड पातळ होते, दाब वाढतो, आणि गाडी दुरुस्तीनंतरच ठोकू लागते.

आमची गाडी दुसऱ्या गोष्टीपाशीच बरी झाली. खर्च झाला तो बेल्टचा आणि मेकॅनिकच्या मजुरीचा. हेडला हात लागला नाही.

डिचोलीकडच्या डिझेलवाल्यांसाठी

डिझेल इंजिनात प्लगची ठिणगी नसते. दाबलेल्या गरम हवेत नोझलमधून डिझेल फवारले जाते आणि ते आपोआप पेटते. त्यामुळे टाटाचा जुना ट्रक थोडा खडखडणारच, विशेषतः सकाळी थंड असताना. पण गरम झाल्यावरही हातोडा मारल्यासारखा तीव्र आवाज येत असेल तर दोष शोधावा.

डिचोली, मये, शिरगाव या भागात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा पुष्कळ ट्रक घरासमोर उभे राहिले. असा उभा ट्रक पुन्हा बाहेर काढताना टाकीच्या तळाचे पाणी काढावे, डिझेल फिल्टर नवे घालावे आणि लाइनमधली हवा काढावी. त्यानंतर आवाज राहिला तर बहुधा एखादे नोझल फवारण्याऐवजी गळते आहे, किंवा पंपाचे टायमिंग पुढे गेले आहे. नोझल टेस्टरवर दाब तपासून घ्यावे. पंप जाणत्या पंपवाल्याकडेच द्यावा. गावच्या झाडाखाली तो उघडू नये.

नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. त्या दाबाने डिझेल कातडीत सुईसारखे घुसते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पण आतून बोट सडू शकते. असे झाले तर दुखत नसले तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठावे आणि नेमके काय घडले ते डॉक्टरांना सांगावे.

गाडीबरोबर आपली प्रकृती

या ठोकण्यावर औषध म्हणून एकेकाळी पेट्रोलमध्ये शिसे घालत. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांनी टेट्राएथिल लेड या द्रव्याचा हा गुण शोधला आणि चिमूटभर मिसळताच इंजिनाचा आवाज थांबला. जगभर ते पसरले. पण शिसे धुरातून माणसांच्या रक्तात गेले. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा विशेष अपाय होतो. खुद्द मिजली यांनाही शिशाची बाधा झाली होती. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले आणि २०२१ साली अल्जीरियाने शिशाचे पेट्रोल थांबवल्यावर जगातल्या मोटारींसाठी ते संपले. तिथेही आवाज थांबवणे सोपे गेले, पण त्याची किंमत तीन पिढ्यांनी मोजली. जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह-सीटला शिशाचा आधार असे. तो आता नाही, म्हणून टॅपेटचे अंतर वेळोवेळी तपासावे.

आणखी तीन गोष्टी घरातल्या सर्वांना सांगाव्यात. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून टायमिंग पाहू नये; धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, डोके दुखून चक्कर येते आणि माणूस बेशुद्ध पडतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नये. कोणी चुकून गिळलेच तर ओकारी काढायला लावू नये, कारण ते फुप्फुसात उतरते. थेट डॉक्टरांकडे न्यावे.

वाटेत आवाज आला तर

शेवटी, चढणीवर असतानाच ठोकणे सुरू झाले तर काय करावे? लगेच खालचा गिअर टाकावा आणि पाय हलका करावा. मोठ्या गिअरमध्ये गाडी रेटत नेणे हेच पुष्कळदा आजाराचे मूळ असते. काटा लालकडे जात असेल तर सावलीत थांबावे आणि थंड होऊ द्यावी. ओझे जास्त असेल तर दोन फेऱ्या कराव्यात. बाजार दहा मिनिटे उशिरा गाठला तरी चालेल.

आमची जीप आजही दर शुक्रवारी ती चढण चढते. खालच्या गिअरमध्ये, हळू, आणि खिडकीची काच उघडी ठेवून, कारण आवाज ऐकू आला पाहिजे.